प्रकल्प नोंदी : सदस्यांच्या यादीतून सारांशांची यादी

३ मार्च, सोमवार

सदस्य नोंदणीच्या जुन्या मॉड्यूलची साफसफाई आजपासून माझ्याकडे आली. कोड जावा ६ च्या काळातला, २०१२ च्या आसपास लिहिलेला. जावात लॅम्डा (नाव न देता जागच्या जागी लिहायचं छोटं फंक्शन) आले ते मार्च २०१४ मध्ये, जावा ८ बरोबर. त्यामुळे इथे जिथेतिथे फॉर लूप (तेच काम फेऱ्या मारून करणारा कोड) दिसतात याबद्दल कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. आता आपण जावा २१ वर आहोत, तेव्हा हे हातासरशी बदलून घ्यावं असं ठरलं.

सकाळी नुसती मोजदाद केली. एका यादीतला ऑब्जेक्ट घ्यायचा, त्यावरून दुसऱ्या प्रकारचा ऑब्जेक्ट बनवायचा आणि तो दुसऱ्या यादीत टाकायचा, अशा साच्याचे ३७ लूप निघाले. बहुतेक ठिकाणी एका बाजूला 'सदस्य' (डेटाबेसमधून आलेला, तीसेक फील्डांचा) आणि दुसऱ्या बाजूला 'सारांश' (स्क्रीनला लागतात तेवढीच सात-आठ फील्ड).

एक लूप बघून आधी हसू आलं, मग हसू थांबलं. त्यात नवा सारांश बनवायची ओळ लूपच्या बाहेर, वर होती. म्हणजे ऑब्जेक्ट एकच. दर फेरीला त्याच्यातच नाव भरायचं, क्रमांक भरायचा आणि तोच पुन्हा यादीत टाकायचा. यादीची लांबी बरोबर येते, पण प्रत्येक ओळीत शेवटच्या सदस्याचं नाव. इतकी वर्षं हे कुणाला कसं दिसलं नाही? ती यादी फक्त 'एकूण सदस्य' हा आकडा दाखवायला वापरली जात होती, म्हणून.

मॅप ('स्ट्रीम', म्हणजे यादीतून एकेक येणाऱ्या घटकांचा ओघ, त्यातल्या प्रत्येकाचं रूपांतर करणारी मेथड) वापरला तर ही चूक करायला मुद्दाम वाट वाकडी करावी लागेल. लॅम्डाने एक सदस्य घ्यायचा आणि एक सारांश परत द्यायचा, एवढंच त्याचं काम. यादीत टाकण्याशी त्याचा संबंधच नाही. पहिला बदल असा झाला (इथे कोड बोलतो तसा लिहितोय, मूळ रिपॉझिटरीत आहेच):

सदस्ययादी.स्ट्रीम().मॅप(स -> नवा सारांश(स.क्रमांक(), स.नाव())).टूलिस्ट()

शेवटचं टूलिस्ट निघालेल्या सारांशांची यादी बनवतं. सहा ओळींची एक झाली. संध्याकाळपर्यंत असे सोपे नऊ उरकले. सोपे आधी उचलले, हे कबूल.

४ मार्च, मंगळवार

आजचा लूप चौदा ओळींचा होता. नाव जोडायचं, स्थिती ठरवायची, मुदत संपली का ते बघायचं. मी सगळं जसंच्या तसं महिरपी कंसात घालून लॅम्डा केला आणि रिव्ह्यूला टाकला. लीड मॅडमची टिप्पणी आली : "हा लूपच आहे, फक्त कंस बदललेत." खरंच होतं. मॅपच्या पोटात अकरा ओळी, त्यात दोन इफ आणि मधेच एक रिटर्न. वाचणाऱ्याला स्ट्रीम कुठे सुरू झाली तेही आठवत नव्हतं.

रूपांतराचा मजकूर उचलून सारांशच्याच क्लासमध्ये 'सदस्यापासून' नावाची स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्ट न बनवता क्लासच्या नावाने बोलावता येते ती) केली. आता ओळ उरली : मॅप(सारांश::सदस्यापासून). त्या दोन विसर्गचिन्हांना आमच्याकडे सगळे 'डबल कोलन' म्हणतात, मेथड रेफरन्स कुणी म्हणत नाही. फायदा नुसता दिसण्याचा नाही. त्या मेथडवर वेगळी टेस्ट लिहिता येते, यादी न बनवता, एकच सदस्य देऊन. आणि काही फुटलं तर स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठून कुठे आली ते दाखवणाऱ्या यादीत) मेथडचं नाव दिसतं, कंपायलरने ठेवलेलं 'लॅम्डा डॉलर अमुक डॉलर ३' दिसत नाही.

सारांश क्लासही रेकॉर्ड (नुसता डेटा ठेवणारा, नंतर न बदलणारा प्रकार) करून टाकला. सेटर (फील्ड बदलणाऱ्या मेथड) गेले. रेकॉर्डला इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारी मेथड) आयतं मिळतं, त्यामुळे जुन्या लूपची यादी आणि नव्या स्ट्रीमची यादी समोरासमोर ठेवून तपासणारी टेस्ट दोन ओळींत झाली. ही टेस्ट पुढच्या सगळ्या लूपना लावणार. जुना कोड ती पास होईपर्यंत काढायचा नाही.

६ मार्च, गुरुवार

कालचं सगळं मर्ज झालं होतं (मुख्य कोडमध्ये गेलं होतं) आणि आज सकाळी अहवालाचं पान पडलं. अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे काम मधेच थांबवणारी चूक) : अनसपोर्टेड ऑपरेशन. म्हणजे कुणीतरी न बदलता येणाऱ्या यादीत भर घालायला गेलं होतं.

कारण माझंच. काही ठिकाणी मधल्या वर्षांत कुणीतरी कलेक्ट(कलेक्टर्स.टूलिस्ट()) लिहिलेलं होतं. एडिटरने पिवळी रेघ ओढून सुचवलं की नुसतं टूलिस्ट() पुरेल, आणि मी सगळीकडे 'हो' केलं. दोन्ही नावं सारखी, वागणूक वेगळी. जावा १६ मध्ये आलेलं स्ट्रीमचं स्वतःचं टूलिस्ट न बदलता येणारी यादी देतं. जुना कलेक्टर (स्ट्रीममधले घटक गोळा करणारा) प्रत्यक्षात अ‍ॅरेलिस्ट देतो, पण डॉक्युमेंटेशनमध्ये तसं वचन मात्र कुठेच नाही. आमचा अहवाल त्या न दिलेल्या वचनावर चालला होता. यादी तयार झाली की तिच्या शेवटी 'एकूण' नावाचा एक खोटा सारांश चिकटवायचा, ज्यात सदस्य क्रमांक शून्य.

दोन मार्ग होते. कलेक्टर्स.टूकलेक्शन ला अ‍ॅरेलिस्ट मागून गप्प बसायचं, किंवा तो खोटा सदस्य काढायचा. दुसरा केला. एकूण वेगळं मोजून वेगळ्या फील्डमध्ये दिलं. बेरीज ही सदस्य नसते, तिला सदस्यांच्या रांगेत उभं करायचं कारण नव्हतं.

(न बदलता येणारी यादी बनवणारा तिसराही एक कलेक्टर आहे, जावा १० पासूनचा, टूअनमॉडिफायेबललिस्ट. तो यादीत नल ('इथे काहीच नाही' अशी खूण) आला तर अपवाद फेकतो. स्ट्रीमचं टूलिस्ट नल चालवून घेतं. तिघांची नावं जवळपास एक आणि स्वभाव तीन.)

७ मार्च, शुक्रवार

अनुक्रमांकाचा रकाना. जुन्या लूपमध्ये आय (फेऱ्या मोजणारा आकडा, शून्यापासून) होताच, आय अधिक एक लिहिलं की झालं. लॅम्डात तो नाही. बाहेर इंट क्रम = ० लिहून आत क्रम++ केलं तर कंपायलर नाही म्हणतो : लॅम्डा बाहेरचं जे व्हेरिएबल पकडेल ते फायनल (एकदा किंमत दिली की न बदलणारं) असावं किंवा फायनलसारखं वागणारं असावं.

ही अडवणूक चुकवायचे दोन चोरदरवाजे सगळ्यांना माहीत असतात. एका घराचा अ‍ॅरे करायचा आणि त्याच्या शून्याव्या घरात आकडा वाढवत न्यायचा, किंवा अ‍ॅटॉमिक इंटिजर (अनेक धाग्यांतूनही, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांतूनही, सुरक्षित वाढवता येणारा आकडा) घ्यायचा. संदर्भ बदलत नाही, आतला आकडा बदलतो, कंपायलर गप्प. मी अ‍ॅटॉमिक इंटिजर वापरला. आकडे बरोबर आले, टेस्ट हिरवी झाली, शुक्रवार संध्याकाळ होती. चालतंय ना, म्हणून पुढे गेलो.

१० मार्च, सोमवार

नल. काही सदस्यांना योजनाच जोडलेली नाही, म्हणून स.योजना().नाव() फुटलं. हल्लीचा जावा निदान सांगतो की कोणत्या मेथडने नल परत दिला. पूर्वी एका ओळीत चार टिंबं असली की अंदाज बांधत बसावं लागायचं.

नव्या सहकाऱ्याने चटकन उपाय सुचवला : मॅपच्या आधी फिल्टर लावून योजना नसलेले सदस्य गाळायचे. पान उघडलं, अपवाद गेला. पण समोरासमोरच्या टेस्टने सांगितलं : जुन्या यादीत ६००, नवीत ५९८. दोन माणसं अहवालातून गायब. तीही नेमकी ज्यांच्याकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं अशी.

त्याला म्हटलं, "अरे, फिल्टर हा नलवरचा इलाज नाही. यादीत कोण असावं हा धंद्याचा प्रश्न आहे, तो आपण परस्पर सोडवला." तो म्हणाला, "मग काय दाखवायचं?" विचारून घेतलं : 'योजना नाही' असं स्पष्ट दाखवायचं. ऑप्शनल (मूल्य असेल किंवा नसेल अशी डबी) घेऊन रूपांतराच्या मेथडमध्येच ते बसवलं. मॅपने जितके घेतले तितकेच परत दिले पाहिजेत. संख्या बदलायची असेल तर ती ओळ वेगळी आणि डोळ्यांना दिसेल अशी हवी.

११ मार्च, मंगळवार

सदस्य आणि भरलेले हप्ते यांचं पान. लॅम्डा देखणा झाला, पान मात्र चार सेकंद घेतं. जुनंही तेवढंच घेत होतं म्हणे, पण जुन्याकडे कुणी बघत नव्हतं.

लॉगमध्ये एसक्यूएल (डेटाबेसला विचारलेल्या क्वेऱ्या, म्हणजे प्रश्न) छापायला लावलं आणि स्क्रीन थांबेचना. एक क्वेरी सदस्यांची, मग प्रत्येक सदस्याच्या हप्त्यांसाठी एकेक. ६०० सदस्यांना ६०१ क्वेऱ्या. लॅम्डात लिहिलंय फक्त स.हप्ते(). दिसायला साधा गेटर (फील्ड वाचणारी मेथड), पण हायबरनेटमध्ये (डेटाबेसच्या नोंदींचे ऑब्जेक्ट करून देणारी लायब्ररी) तो संबंध लेझी ठेवलेला असल्यामुळे पहिल्यांदा हात लावला की तो डेटाबेसला जाऊन येतो. लूपमध्येही हेच होत होतं. फरक इतकाच की लूपमध्ये 'हे सहाशे वेळा होणार' याची आठवण तो फॉर शब्द करून देतो. मॅपच्या एका ओळीत ती आठवण पुसली जाते.

१२ मार्च, बुधवार

कालच्यावर काम. योजना अशी : हप्ते सगळे एकाच क्वेरीत आणायचे, ग्रुपिंगबाय ने सदस्य क्रमांकावर गठ्ठे करायचे, आणि रूपांतराच्या वेळी त्या हॅशमॅपमधून ('की' दिली की तिच्याशी जोडलेली 'व्हॅल्यू' देणारा तक्ता) आपला गठ्ठा उचलायचा. संपर्काचं टेबलही वेगळं आहे, त्याचा टूमॅप करायचा : क्रमांक -> संपर्क.

हप्त्यांचं बसलं. एक अडचण : ज्याने एकही हप्ता भरलेला नाही त्याचा गठ्ठा तयारच होत नाही, रिकामी यादी नव्हे, नल येतो. गेट ऐवजी गेटऑरडिफॉल्ट आणि रिकामी यादी. मग बेरीज बिगडेसिमल (अचूक दशांश संख्या) शून्यापासून रिड्यूस करून, म्हणजे एकेक रक्कम मिळवत नेऊन.

आणि समोरासमोरची टेस्ट नेमकी या हप्ते न भरलेल्या लोकांवर लाल! दोन्हीकडे शून्य, तरी 'समान नाही'. अर्धा तास डोकं खाल्लं. जुना कोड "०.००" पासून बेरीज सुरू करत होता, मी नुसत्या शून्यापासून. बिगडेसिमलचं इक्वल्स दशांश स्थळंही बघतं, त्यामुळे त्याच्या लेखी ० आणि ०.०० वेगळे. कंपेअरटू मात्र दोघांना सारखं म्हणतं. शेवटी रूपांतरातच स्थळं दोन करून टाकली, म्हणजे स्क्रीनवरही एकसारखं दिसेल.

खरी गंमत टूमॅपने केली. चालवल्याबरोबर इलीगल स्टेट : डुप्लिकेट की ४१७, आणि पुढे भांडणाऱ्या दोन्ही संपर्कनोंदी छापलेल्या. (जावा ८ मध्ये हा संदेश कीच्या जागी चुकून व्हॅल्यू छापायचा. त्या काळी यावर वेळ घालवलेल्यांना ते आठवत असेल.) म्हणजे एकाच सदस्याला दोन संपर्क. जुना लूप काय करत होता? पुट, म्हणजे कीसमोर व्हॅल्यू ठेवून देणं. पुट दुसऱ्यांदा केलं की पहिलं पुसलं जातं, कुणी काही बोलत नाही. आणि क्वेरीत ऑर्डर बाय (नोंदींचा क्रम ठरवणारा भाग) नाही, त्यामुळे कुठली नोंद शेवटी येईल याचा नेम नाही.

हे वाचताना एकदम ट्यूब पेटली. दोनेक वर्षांपूर्वीची एक तक्रार अजून उघडी आहे : 'एका सदस्याचा फोन कधी जुना दिसतो, कधी नवा.' त्यावर तिघांनी शेरा मारलाय : 'आमच्याकडे तसं होत नाही.'

टूमॅपला तिसरा लॅम्डा देऊन भांडण मिटवता येतं : (पहिला, दुसरा) -> दुसरा. टाइप केलं होतं, मग खोडलं. हे लिहिलं की आपण तेच जुनं पुट परत आणतो, नव्या वेषात. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "फुटू दे की. फुटतंय म्हणून तर कळलं." पण अख्खं पान एका नोंदीपायी फोडणंही बरं नाही. मधला मार्ग : तिसऱ्या लॅम्डात ज्याची 'बदल दिनांक' नंतरची तो ठेवायचा. नियम आता कोडमध्ये लिहिलेला आहे, टेबलाच्या मर्जीवर नाही. शिवाय दुहेरी नोंदींची यादी वेगळी काढून डेटा सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. अशा अकरा निघाल्या.

पान आता अर्ध्या सेकंदाच्या आत. क्वेऱ्या तीन.

१३ मार्च, गुरुवार

शुक्रवारचं देणं (तो बाहेरून वाढवलेला अनुक्रमांक) आज फेडलं.

नव्या सहकाऱ्याने वेग वाढवायचा म्हणून दोन ठिकाणी स्ट्रीम चं पॅरललस्ट्रीम (काम अनेक धाग्यांत वाटून एकाच वेळी करणारी) केलं. पहिल्या ठिकाणी त्यानेच लिहिलेलं फॉरईच होतं आणि त्यात बाहेरच्या अ‍ॅरेलिस्टमध्ये अ‍ॅड. सहाशे आत गेले, बाहेर आले ५९१. परत चालवलं, ५९७. तिसऱ्यांदा अ‍ॅरे इंडेक्सचा अपवाद. अनेक धागे एकाच वेळी एकाच यादीत घुसले की एक दुसऱ्याच्या घरावर लिहितो. अ‍ॅरेलिस्ट त्यासाठी बनलेलीच नाही. हे पकडणं सोपं गेलं, कारण आकडा चुकला.

दुसरं ठिकाण माझं. तिथे मॅप आणि टूलिस्ट होतं, म्हणून ओळींचा क्रम शाबूत. सहाशेच्या सहाशे हजर, अपवाद नाही. फक्त अनुक्रमांकाच्या रकान्यात ३७६, ३७७, ३७८, मग अचानक १, २, मग २२६. अ‍ॅटॉमिक इंटिजरने आपलं काम चोख केलं : एकही आकडा दोनदा दिला नाही. कोणाला कोणता द्यायचा हे मात्र जो धागा आधी पोचला त्याच्यावर. यादी रांगेत, टोकन मात्र धक्काबुक्कीत वाटलेली.

त्याला काही बोलायला तोंडच नव्हतं. इंटस्ट्रीम.रेंज(०, यादी.साइज()) घेऊन मॅपटूऑब्जेक्ट ने आय-वा सदस्य आणि आय अधिक एक हा क्रम दोन्ही रूपांतराला दिले. आता क्रम बाहेर कुठे साठवलेला नाही, प्रत्येक ओळ आपला क्रम आपणच जाणते. पॅरलल असो, नसो. पॅरलल अर्थात काढलंच. सहाशे ओळींसाठी धागे वाटण्याचाच खर्च जास्त.

१७ मार्च, सोमवार

शेजारच्या टीमने विचारलं, हेच आमच्या सी शार्प भाषेत कसं? तिथे मॅपचं नाव सिलेक्ट, २००७ च्या सी शार्प ३ पासून. त्याआधी २००५ पासून यादीवर कन्व्हर्टऑल होतंच. जावावाल्यांनी वाट जरा जास्तच पाहिली. कल्पना तर दोघांच्याही फार आधीची : लॅम्डा हे नाव गणिती अलोन्झो चर्चच्या १९३० च्या दशकातल्या गणितातलं, आणि यादीवर फंक्शन फिरवणं लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांना १९५८ नंतर लगेचच जमलं होतं.

त्यांचा बग बघायला गेलो. सिलेक्टने सारांश बनवले, एका लूपमध्ये त्यांवर 'निवडलेला' अशी खूण केली, आणि दुसऱ्या लूपमध्ये खुणा नाहीत. सिलेक्ट यादी देत नाही, यादी कशी बनवायची याची कृती देतो. दर फॉरईचला ती कृती पहिल्यापासून चालते आणि नवे कोरे ऑब्जेक्ट येतात. खूण केलेले केव्हाच हवेत विरले. शेवटी टूलिस्ट लावलं, प्रश्न मिटला. जावात ही वेळ येत नाही, एकदा वापरलेली स्ट्रीम पुन्हा वापरायला गेलं की ती सरळ अपवाद फेकते. खाष्ट आहे, पण बरी.

१९ मार्च, बुधवार

छोटंसं. मॅपमधून काय जातंय बघायला पीक मध्ये (जाता जाता प्रत्येक घटक नुसता पाहणारी पायरी) लॉग टाकला, शेवटी काउंट (किती घटक ते मोजणारी). आकडा आला, लॉग कोरा. जावा ९ पासून काउंटला संख्या मूळ यादीवरूनच कळत असेल तर तो मधल्या पायऱ्या चालवायच्या भानगडीत पडत नाही. मधे फिल्टर असता तर चालवाव्या लागल्या असत्या. पीकमध्ये कामाचं काही ठेवू नये हे ऐकून होतो, आज पाहिलं. आणखी दोन ठिकाणी जुन्या कोणीतरी पीकमध्ये सेटर लावलेले सापडले. ते मॅपमध्ये हलवले.

२१ मार्च, शुक्रवार

३७ पैकी ३३ झाले. उरलेले चार तसेच ठेवतोय, आणि प्रत्येकावर कारण लिहिलंय. दोघांत प्रत्येक सदस्यासाठी फाइल वाचायची आहे. ते आयओ एक्सेप्शन फेकतं आणि मॅपचं फंक्शन चेक्ड अपवाद (हाताळलाच पाहिजे अशी कंपायलर सक्ती करतो तो) स्वीकारत नाही. लॅम्डात ट्राय-कॅच कोंबला की पुन्हा त्याच अकरा ओळी. तिसऱ्यात पहिली चूक सापडली की थांबायचं असतं आणि तोवरचं परत द्यायचं असतं. ब्रेक असलेला साधा लूप तिथे जास्त स्पष्ट वाचतो. मॅडमनी विचारलं, "टेकव्हाइल?" (अट खरी आहे तोवरच घटक घेणारी मेथड.) करून पाहिलं. चूक असलेला सदस्यही यादीत हवा, टेकव्हाइल त्याला बाहेर ठेवतं. लूप राहिला.

चौथा म्हणजे तो पहिल्या दिवशीचा, बाहेर ऑब्जेक्ट असलेला. त्याला स्ट्रीम करायची गरजच नाही. ती अख्खी मेथड काढून जिथून बोलावली होती तिथे सदस्ययादी.साइज() लिहिता येईल. डिलीट करून ठेवलंय, रिव्ह्यू बाकी.

त्या अकरा दुहेरी संपर्कांपैकी नऊ डेटावाल्यांनी मिटवले. ४१७ अजून तसाच आहे, दोन्ही फोन चालू आहेत म्हणे.